मान वर न करणारा पियानोवाला

मामा गेला तेव्हा मी एका पियानोवाल्याशी फोनवर बोलत होते. शाळेच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, एका कानात बोट घालून. तो विचारत होता की गाणी किती, कुठल्या पट्टीत, नोटेशन मिळेल का. आणि मी सांगत होते की गाणी जुनी मराठी, पट्टी ठरलेली, नोटेशन नाही. मध्येच त्याच फोनवर दुसरा कॉल येत होता. मामाच्या खालच्या मजल्यावर राहणारे घोषबाबू. मला वाटलं, मामानंच करायला लावलाय, हाही माणूस नको म्हणून सांगायला. मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तोही वैतागून... घोषबाबू एवढंच म्हणाले, "दीदी, चोले आशुन. मामाबाबू आर नेई." निघून या, मामा राहिले नाहीत, एवढंच. त्यानंतर मी पर्स कुठे ठेवली, रजा कुणाला सांगितली, काही आठवत नाही. पहिल्या फोनवर तो बिचारा अजून 'हॅलो, हॅलो' करत होता, तेवढं आठवतं.

सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. मला लिहायचंच आहे, पण राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवून लिहायचं म्हटलं तर हातून काही उतरत नाही.

माझा मामा श्रीधर बँकेत होता. सांगलीहून तीन वर्षांच्या बदलीवर कोलकात्यात आला आणि चव्वेचाळीस वर्षं राहिला, कारण मामी. मामी बागबाजारची, तिच्या आजोबांपासून घर इथलंच, मराठी बोलता बोलता मधेच बंगाली शब्द घालणारी. लहानपणी मिशनरी शाळेत ती पियानोवर प्रार्थना म्हणायला शिकली, आणि मग आयुष्यभर मराठी भावगीतंही तिला पियानोबरोबरच म्हणायची सवय लागली. इथल्या मराठी मंडळात बाकी सगळे पेटी-तबल्यावर गायचे. मामी मात्र पियानोशिवाय तोंड उघडायची नाही. लग्नानंतर मामानं लिलावातून एक जुना उभा पियानो आणला, डमडमच्या घरी दुसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्याचा कठडा काढावा लागला, आणि तिशी उलटल्यावर तो स्वतः वाजवायला शिकला. कुणाकडे नाही, कानानं. नोटेशनचं एक अक्षर त्याला शेवटपर्यंत येत नव्हतं. मंडळाच्या दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनात शेवटचं गाणं मामीचं, साथ मामाची, हे इतकं ठरलेलं होतं की कार्यक्रमपत्रिकेत ते छापायचीही कुणाला गरज वाटत नसे. माझं लग्न त्यानंच इथं जमवलं, म्हणून मीही इथंच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहाला भागात. त्यामुळे ही गाणी मी बत्तीस वर्षं ऐकली.

तीन वर्षांपूर्वी मामाला अर्धांगाचा सौम्य झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, उजव्या हाताची बोटं आली नाहीत. आणि त्याच्या बोटांबरोबर आणखी एक गोष्ट उघडी पडली... मामी गाणं विसरत होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. दुसरं कडवं म्हणता म्हणता चौथ्यात जायची, एकच ओळ तीनदा म्हणायची, नुसतं गुणगुणत उभी राहायची. आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता, कारण ती अडली की मामा उजव्या हातानं पुढच्या ओळीची चाल हळूच पुढे सरकवायचा आणि ती ते बोट धरून चालू लागायची. तीनदा म्हटलेली ओळ तिसऱ्यांदा तो अशी वाजवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बसवलंच आहे तसं. आता तो हात राहिला नव्हता. त्या वर्षी त्यानं 'हिचा घसा बसलाय' सांगून संमेलन टाळलं. दुसऱ्या वर्षीही घसाच बसला. मामी घरी रोज संध्याकाळी पियानोपाशी उभी राहायची आणि विचारायची, "आज कोण वाजवणार?" तिच्यासाठी साथीला माणूस हवा होता, एवढीच साधी गोष्ट होती. तो माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि दीड वर्ष माझ्या नाकी नऊ आले.

कारण मामा हे कारण कुणाला सांगू देत नसे! "तिला काही झालेलं नाही," हे त्याचं एक वाक्य. मग मी येणाऱ्या माणसाला सांगू काय? तुमची परीक्षा कशाची आहे ते? माणसं आपापली तयारी करून येत आणि मामा भलतंच बघत बसे. त्याची पद्धत अशी. मामी आत असताना माणसाला पियानोवर बसवायचं, काही वाजवून दाखवायला सांगायचं नाही, थेट म्हणायचं, "मी गातो, तुम्ही साथ करा." आणि मग हा माझा बेसूर मामा गायला लागे. मुद्दाम एक ओळ गाळायचा. एक ओळ दोनदा म्हणायचा. मधेच थांबून खिडकीबाहेर बघायचा. वाजवणारा थांबला, की नापास. वाजवत राहिला पण 'काय झालं?' म्हणून मान वर करून बघितलं, की तोही नापास. गाणारं माणूस चुकलं तर वाजवणाऱ्यानं मान वर करायची नाही, हा त्याचा नियम. आणि नापास झालेल्याला तो तसं सांगतही नसे, "चहा घ्या" म्हणे. ते ऐकलं की मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेई.

कुणाला पियानोवाला ठरवायचा असेल तर खुशाल मला विचारा. या शहरात कोण शिकवतं, कोण चर्चमध्ये वाजवतं, कोण हॉटेलात, कुणाचा फोन दुपारी लागतो, सगळं मला पाठ आहे. पहिला आला अनिर्बाण, चोवीस वर्षांचा, विलायती परीक्षांच्या सगळ्या पायऱ्या चढलेला. पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि त्या खोकड पियानोतून असा सूर काढला की मी चकित झाले. मामानं तिसरी ओळ गाळली. अनिर्बाण अदबीनं थांबला, "मेशोमशाय, आपनि तो एकटा लाइन बाद दिलेन." काका, एक ओळ तुम्ही गाळलीत, असं सांगत होता, आणि त्यात त्याचं काय चुकलं? मामा म्हणाला, "चहा घ्या." दुसऱ्या खेपेला चूक माझी. मी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, 'मराठी गाण्यांना साथ करणारा पियानोवादक हवा', आणि कुणीतरी आमच्याच बेहालातला लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला एकजण पाठवला. तो पाठीवर कीबोर्ड बांधून ऑटोतून उतरला. मामानं त्याला पिशवीची चेनसुद्धा उघडू दिली नाही. त्या माणसाला परत नेऊन सोडताना रस्ताभर माझी मान खाली होती.

तिसरे डिसूझासाहेब. पंचवीस वर्षं हॉटेलच्या लॉबीत वाजवलेले, पांढरे केस, चकाकणारे बूट. मी मनात म्हटलं, सुटलो! मामानं ओळ गाळली, त्यांनी गाळली. मामानं ओळ परत म्हटली, त्यांनी परत वाजवली, वर अशी काही सजवली की मला टाळी द्यावीशी वाटली. मान वर केली नाही. पण गाणं संपल्यावर मामाकडे बघून त्यांनी मिश्कीलपणे डोळा मारला. झालं! "चहा घ्या."

त्यांना पोचवून वर आले आणि मी फुटले. "डोळा मारला म्हणून? मामा, तू पियानोवाला शोधतोयस की जावई?"

"त्याला कळलं मी चुकलो ते," मामा म्हणाला.

"अरे, कळणारच! कान आहेत त्याला!"

"कळू दे. पण कळलं हे दाखवलं त्यानं. तिच्यासमोर दाखवलं तर?"

तिच्या विसरण्याबद्दल, तो शब्द न उच्चारता, तो तेवढंच एकदा बोलला. मी तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं. पण मी दर रविवारी बेहालाहून डमडमला ऑटो, मेट्रो, पुन्हा ऑटो करत होते (आमच्याकडे नवीन मेट्रो आली तीही मला हवी त्या दिशेला जात नाही), वह्या तपासायच्या राहत होत्या, नवरा म्हणत होता की मामांना एक चांगला स्पीकर आणून दे. माझा जीव मेटाकुटीला आला होता. त्यात आणखी चौघं आले आणि चहा पिऊन गेले.

शेवटचा रविवार मात्र मला विसरता येत नाही. त्या दिवशी आलेली मुलगी मामा गायला लागताच खुदकन हसली, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. ती गेल्यावर मी म्हणाले, "आता पुरे. पुढच्या माणसाला मी स्पष्ट सांगणार आहे की मामी विसरते. त्यात लाजण्यासारखं काय आहे? सगळ्यांना माहीत आहे, मामा. मंडळात सगळ्यांना माहीत आहे. घसा दोन दोन वर्षं बसत नाही कुणाचा."

मामा बसला होता तिथून उठला. डाव्या हातानं पियानोचं झाकण लावलं. मला वाटलं ओरडेल. त्यानं ओरडायला हवं होतं. तो म्हणाला, "तिला काही झालेलं नाही. तू नीघ आता, उशीर होईल." नऊ दिवसांनी तो गेला. सकाळी चहा घेऊन पेपर वाचता वाचता, मामी शेजारच्या खोलीत असताना. मधल्या नऊ दिवसांत मी फोन केला नव्हता. पियानोवाल्यांना केले, त्याला नाही... वाटलं होतं, माणूस पक्का करूनच बोलू, मग त्याला तोंड उघडायला जागाच राहणार नाही.

दिवसकार्य झालं, सांगलीची माणसं परत गेली, मी मामीपाशी राहिले. तिचा मुलगा कॅनडातून रोज व्हिडिओ कॉल करतो आणि 'आईला इकडे नेतो' म्हणतो. मामी त्याला नीट उत्तरं देते. मामा गेला हे तिला ठाऊक आहे, बहुतेक वेळा. पण संध्याकाळ झाली की पियानोपाशी उभी राहते आणि विचारते, "आज कोण वाजवणार गं?" आणि दर संध्याकाळी मला नव्यानं मामाचा राग येतो. तू ओळी गाळत बसलास, मी चहाच्या कपबशा उचलत बसले, आणि दीड वर्ष ही बाई बिनसाथीची उभी राहिली. एकदा, फक्त एकदा खरं सांगू दिलं असतंस तर ती तुझ्या डोळ्यांदेखत गायली असती. संमेलनात जाऊ दे, या खोलीत गायली असती. तेही तुला ऐकायला मिळालं नाही, आणि याला जबाबदार तू आहेस. आणि मीही आहे, कारण तुझं न ऐकता मी गुपचूप केव्हाच सांगू शकले असते.

गेल्या बुधवारी दुपारी शेवटी मी तेच केलं. कुणीतरी मिसेस बिस्वास यांचा नंबर दिला होता. एका शाळेत सकाळच्या प्रार्थनेला वाजवतात, साठीच्या आहेत. मामी कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी त्याच खोलीतून, आवाज खाली करून फोन लावला आणि पट्टीबिट्टी काही सांगायच्या आधीच म्हणाले, "एक बात पहले बता दूँ. मेरी मामी गाते गाते भूल जाती हैं. आप रुकिएगा नहीं, बस."

मग त्या म्हणाल्या, "तीस साल से बच्चों की प्रेयर में बजा रही हूँ. वहाँ कौन नहीं भूलता? कब आऊँ?"

संपलं. दोन मिनिटं लागली नसतील. मी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या मामाच्या फोटोकडे बघून मला इतका संताप आला की रडूच आलं. दोन मिनिटांचं काम होतं, मामा.

"कधी येणार म्हणाली?" कॉटवरून आवाज आला. मामी जागी होती.

"उद्या. साडेपाचला."

"सांगितलंस ते बरं केलंस तिला." ती अजून भिंतीकडेच तोंड करून होती. "मी विसरते ते. मला ठाऊक आहे गं. हे त्या माणसांसमोर चुकीचं गायचे ना, कशासाठी ते कळायचं मला. म्हणून तर मी आतच थांबायचे. मी समोर असले की त्यांना नीट चुकता यायचं नाही."

मामी माझ्याकडे वळली, माझा हात धरला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांना मात्र सांगू नकोस हं, मला माहीत आहे ते. फार लागेल त्यांना."

मी फोटोकडे बघितलं नाही. म्हणाले, "नाही सांगणार."