पडद्यापलीकडे अक्का

अक्का गेल्याचा वंदनाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "कधी?" म्हणून विचारलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी संपेपर्यंत निवडतच राहिले. रडू आलं नाही. थोरल्या बहिणीसाठी रडायचा हक्क मी दहाव्या वर्षीच घालवून बसले होते... महिना उलटल्यावर आज लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आबा सुरतेच्या एका कापडगिरणीत कामगारांना सिनेमा दाखवायच्या कामावर होते. साठचं दशक सरत आलं होतं. सणासुदीला गिरणीचा लहान प्रोजेक्टर घरी आणायची त्यांना मुभा होती. घर दोन खोल्यांचं. यंत्र आतल्या खोलीत, स्टुलावर. चादर गल्लीकडच्या उघड्या दाराच्या चौकटीला ताणलेली. मधे गोधड्यांवर आम्ही सगळे. यंत्राची घरघर सुरू झाली की एरवी घुम्मे असलेले आबा मोकळे हसायचे. रीळ गुंडाळायला त्यांना फक्त अक्काच लागायची.

मग अक्कानं त्याच गिरणीतल्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. मुलगा शांत, कामसू, आबा स्वतःच त्याचं कौतुक करायचे. लग्नाची बातमी कळली त्या दिवशी मात्र त्यांनी तिची पत्र्याची पेटी गल्लीत नेऊन ठेवली आणि आम्हाला बजावलं, "ती मेली असं समजा." ती मेली नव्हती. दोन गल्ल्या सोडून राहत होती.

दीड वर्षानं दिवाळीला आबांनी एक सिनेमा आणला. त्यात घरातून हाकललेली मुलगी बापाच्या दाराशी परत येते. आबा उपरण्यानं डोळे पुसत होते. एवढ्यात चादरीखाली, उंबऱ्यापलीकडे, मला दोन पावलं दिसली. एक जोडवं वाकडं; नळावर पाणी भरताना ते मी पाहिलं होतं. अक्काच होती ती. गल्लीत उभी राहून चादरीच्या मागून उलटा दिसणारा सिनेमा बघत होती. आईनंही ओळखलं. तिनं चकल्यांची वाटी हळूच चादरीखालून बाहेर सरकवली, आणि तेवढ्यात बाहेर तान्ही वंदना रडली.

"कोन शे?" आबा ओरडले.

"कोनी नही," आई म्हणाली.

आबांना कळलं होतं. त्यांनी यंत्र थांबवलं नाही, उलट आवाज वाढवला. पडद्यावरच्या बापानं मुलीला पोटाशी धरलं आणि आमचे आबा हुंदके देऊन रडले. पावलं त्याआधीच निघून गेली होती. वाटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अक्कानं मला नळावर गाठलं. "सिनेमातल्या त्या पोरीला शेवटी घरात घेतलं का गं?"

"तुझ्याशी बोलायचं नाही, आबांनी सांगितलंय," मी म्हणाले आणि अर्धी भरलेली बादली उचलून पळाले. तेव्हा मी दहा वर्षांची होते, हे मी पुष्कळांना सांगत आले. पण तिशी उलटली तरी तिच्या घरची पायरी चढले नाही, त्याला कुठलं वय पुढं करू?

पुढं आबा अंथरुणाला खिळले. अक्का रोज येऊन दारात उभी राहायची. आबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. ते गेले तेव्हाही भावकीनं तिला जवळ येऊ दिलं नाही. जमलेले लोक मात्र एकमेकांना सांगत होते, माणूस किती हळवा, सिनेमा बघतानासुद्धा रडायचा...

अक्का पुढं सुरतेतच नवागामला राहायला गेली होती; तिथल्या तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती तिच्या पुण्यानुमोदनाला, मरणानंतरच्या विधीला. माणसं पांगल्यावर वंदना जवळ आली. "मावशी, आई सांगायची, मी तान्ही असताना आबा घरी सिनेमा लावायचे आणि मला मांडीवर घेऊन बसायचे. मला तर काहीच आठवत नाही. तुला आठवतं?"

"आठवतं," मी म्हटलं.

कोपऱ्यात अक्काची लोखंडी खाट होती, तिच्यावर नीट घडी घातलेली गोधडी. "वर बस ना," वंदना म्हणाली. जिला आम्ही उंबरा ओलांडू दिला नाही, तिच्या खाटेवर माझ्याच्यानं बसवलं नाही. तिनं दिलेला चहा हातात घेऊन मी खाली फरशीवर बसून राहिले.