आत्याच्या धवल्यांची सीडी

काल कपाट आवरताना आत्याची सीडी हाती आली आणि रोह्याच्या आमच्या खोलीतली एक दुपार आठवली.

वडखळची आत्या लग्नांत धवले गायची. पुढे तिचा आवाज गेला. गाण्यांची ही एकच सीडी उरली, तीही चरे पडलेली. माझ्या नवऱ्यानं ती मऊ फडक्यानं पुसली, कॉम्प्युटरवर पुन्हापुन्हा हळूहळू उतरवली. शेवटी चऱ्यांमुळे गाणं कुठेच तुटलं नाही हे तपासून तो म्हणाला, "आत्या, एकही चूक नाही."

"नाय कशी?" आत्या लाजली. "गाताना नवरीचं नाव इसरले नि हसले व्हते. तेवढं काढून टाका."

आम्ही काढलं नाही. तेव्हा नुसता कंटाळा केला होता.

आता आत्या नाही. कालही तेवढं हसणंच मी परत परत ऐकलं.