घशाच्या डॉक्टरचा शनिवार

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आवाज बसला तेव्हा कुणीच मनावर घेतलं नाही. ते आमच्या गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. सलग दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. जनावरं छावणीत गेली होती, सोसायटीचे कॅन रिकामे पडून असायचे. अण्णा दिवसभर छावणीत उभे राहून चारा घ्यायला लोकांना हाका मारायचे. धुळीनं घसा धरला असेल, असं आम्ही म्हणालो.

आवाज सुटेना. गावातल्या डॉक्टरांनी घशाच्या स्पेशालिस्टला दाखवायला सांगितलं. ते औरंगाबादहून महिन्यातून एकदा, शनिवारी गेवराईला यायचे. थोरली ताई पुण्याला होती. ती फोनवर म्हणाली, "अण्णा, इकडंच या."

"छावणी टाकून कसं येऊ?" अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हितं येतोय की डॉक्टर."

पहिल्या शनिवारी कंपाउंडर म्हणाला, "साहेब आज येणार न्हाईत. पुढच्या महिन्यात या." अण्णांनी टोपी नीट केली आणि स्टँडकडं चालू लागले. पुढच्या महिन्यात नंबर संपलेले होते. फोन करून नंबर लावायचा असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यात डॉक्टर भेटले. त्यांनी घशात आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, "उशीर करू नका. मोठ्या दवाखान्यात न्या."

ताईनं पुण्यात सकाळी फोन केला, तर दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली.

"एवढ्या लवकर?" मी विचारलं.

"अगं, इथं असंच असतं."

मला राग यायला हवा होता. मी अण्णांचे धोतर-सदरे पिशवीत भरत राहिले.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई तपासून झाल्यावर अण्णांना म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होता, बाबा?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या घशातून नुसती हवा येत होती.

"बीड जिल्ह्यात," मी म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

कॅन्सर होता. थोडं आधी आणलं असतं तर आवाज वाचला असता, असं बाईंनी ताईला बाहेर नेऊन सांगितलं. ताईनं ते मला सांगितलं. मी "बरं" म्हणाले. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं, गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं. अण्णा वाचले, पुढं बरीच वर्षं जगले.

गावी परतलो तेव्हा छावणी उठली होती, म्हशी दावणीला आल्या होत्या. अण्णा सोसायटीत जाऊन बसू लागले. लोक यायचे, त्यांच्यासमोर जरा वेळ उभे राहायचे आणि दूध घालून जायचे.

घरी आई त्यांच्याशी खुणांनीच बोलायची. जेवायचं का ते हात तोंडाशी नेऊन विचारायची. असे बरेच दिवस गेल्यावर मी म्हणाले, "आई, अण्णांना ऐकू येतं. फक्त बोलता येत न्हाई."

"व्हय की," आई म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.