दाजींचा जबडा

उच्चार कानांनी नव्हे, स्नायूंनी शिकायचा असतो, असं मी एकेकाळी ठामपणे सांगत असे. तळेगावच्या आमच्या शाळेने मला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. दोन दिवसांत माणूस किती शहाणा होतो, हे माझ्या घरच्यांनी पुढे महिनाभर भोगलं!

तशात मेहुणी सुरेखा हाती लागली. लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनसाठी तिची मुलाखत होती. पोरगी हुशार, पण बोलायची दात आवळून. त्यापायी दोन नोकऱ्या हुकल्या होत्या. या खेपेला नाही जमलं तर मुकाट लग्नाला उभी राहा, असं सासूबाईंनी बजावलेलं.

आदल्या दिवशी वडिवळ्याला, सासुरवाडीत, ओसरीवर वर्ग भरला. सुरेखा, माझी बायको आणि (फुकटचं कशाला सोडा म्हणून) सासूबाई. कानापाशी बोटं ठेवून तोंड उघडा, आतलं हलणं जाणवेल, असं मी सांगितलं. "आणखी उघडा," म्हणत करून दाखवलं. कानाजवळ कट्ट झालं आणि माझं तोंड मिटेना!

मी घाबरून जबड्याकडे बोट दाखवलं. तिघींनीही दाखवलं. मी दोन्ही हात हलवले, सहा हात हलले. मी "आँ आँ" केलं, तर सासूबाईंनी माझ्याहून सुरेल केलं. (इतके आज्ञाधारक विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाले नाहीत.) माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सुरेखाने हळूच विचारलं, "दाजी, ह्ये बी करायचं का?"

शेवटी गोठ्यातून आबा आले, माझे सासरे. त्यांनी एकदाच पाहिलं आणि अंगठ्यांना टॉवेल गुंडाळला.

"जावईबापू, ढिलं सोडा. आमचा बैल बी दवा घेताना इतका आवळत न्हाई."

सुरेखाने माझं डोकं धरलं. "दाजी, हलू नका. नाकानं श्वास घ्या," तिने दम भरला. आवाज खणखणीत, पार गोठ्यापर्यंत जाणारा. आबांनी मागच्या दाढा खाली दाबल्या, मागे रेटल्या. जबडा बसला.

आबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या अंगठ्यांचा पेंडीचा वास अजून आठवतो. आबाही फार आठवतात.

त्या वेळी, दुसऱ्या दिवशी मुलाखतीत साहेबांनी सुरेखाला विचारलं, अचानक अडचण आली तर काय कराल? तिने माझीच हकिगत हावभावांसकट, मोकळ्या तोंडाने सांगितली. नोकरी तिथल्या तिथे पक्की.

ती पेढे घेऊन आली तेव्हा डॉक्टरांनी मला पातळ पेजेवर ठेवलं होतं. गुरूच्या वाटणीचे पेढे आबांनी खाल्ले. हक्काचेच होते.