पोपटरावचा पाय

पाठदुखीचं एक बरं असतं. तुम्ही नुसतं "आई गं" म्हणत खुर्चीतून उठा, समोरचा माणूस लगेच दोन गोष्टी देतो. एक औषध आणि एक किस्सा! औषधं विसरली जातात, किस्से मात्र साठत जातात. माझ्याकडे इतके साठलेत की त्यांच्याच ओझ्यानं कंबर धरायची.

हे सगळे एकाच मशीन शॉपमधले. ऐंशीच्या आसपास नाशिकजवळ अंबडला कारखाने नवे नवे उभे राहत होते, तेव्हाचे. मी लेथवर टर्नर. माझ्या शेजारच्या लेथवर पोपटराव, मूळचा सायखेड्याचा. पलीकडे ड्रिलिंगवर सोनवणे. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर सुपरवायझर कर्णिकसाहेब.

जड कास्टिंग उचलून उचलून शॉपमधल्या प्रत्येकाची पाठ कामातून गेलेली, पण एक जण कबूल करेल तर शपथ! कारण कंपनीचा डॉक्टर. त्यानं कागदावर 'अनफिट' लिहिलं की माणूस घरी. बसून करायचं हलकं काम वगैरे लाड आमच्या कंपनीत नव्हते. त्यामुळे दुखणं घरी ठेवायचं आणि कामावर ताठ यायचं.

*

घरी प्रत्येकाचा वेगळा दवाखाना. सोनवणे गरम विटेनं शेकायचा. मी गादी सोडून सतरंजीवर झोपायचो आणि कमरेला निरगुडीचा पाला बांधायचो. बायको म्हणायची, "तुमच्या शेजारी झोपलं की जंगलात झोपल्यासारखं वाटतं!"

वर्षातून एकदा मेडिकल असायचं. डॉक्टर नाडी बघायचा, डोळे बघायचा आणि बोलता बोलता टेबलावरचं पेन मुद्दाम खाली पाडायचा. "जरा उचलून द्या हो." वाकताना कण्हला तो गेला! आम्ही महिनाभर आधीपासून तालीम करायचो. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, चेहऱ्यावर हसू.

एका वर्षी सोनवणेला गुडघेही वाकवता येईनात. पेन पडलं. त्यानं शांतपणे हात जोडले. "साहेब, पेन म्हणजे सरस्वती. माझे हात तेलाचे. तुम्हीच उचला!"

डॉक्टर हसत हसत वाकला आणि वाकलेलाच राहिला! तीन आठवडे रजेवर होता. त्याला अनफिट कोण लिहिणार?

*

माझी उसण भरली ती एप्रिलातल्या एका दुपारी. वाकून लेथवर जॉब लावत होतो, कमरेत काहीतरी कट्कन झालं आणि सरळ होता येईना. पोपटरावनं मशीन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "टूल रूमच्या मागं चल. भिंतीकडं तोंड कर."

पोपटराव पायाळू होता, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे आपल्याकडे घरोघरी ऐकलेलं असतं. आमच्या घरात बुद्धवंदना आणि पुस्तकं, गंडेदोरे-अंगारे यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. पण उसण भरलेल्या माणसाला तत्त्वं सुचत नाहीत हो! मी गुपचूप भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

त्यानं बूट काढला, मोजा काढला आणि अनवाणी पाय माझ्या कमरेला तीनदा लावला. मी सरळ झालो. खरंच झालो!

पण एक सांगतो. बाहेर ऊन रणरणत होतं, वर पत्रे तापलेले, पाय सकाळपासून बुटात कोंडलेला. आणि तो मला थंडगार लागला, रांजणाखालच्या वाळूसारखा.

"पोपटराव, पाय धुऊन आलास का?"

"नाय बा. का रं?"

"काही नाही," म्हणालो. घरी बायकोनं विचारलं, "आज ताठ कसे?" मी म्हणालो, "व्यायाम केला!"

*

मग रोज सकाळी शिफ्टच्या आधी टूल रूममागे रांग लागायला लागली. एक दिवस कर्णिकसाहेबांनी पाहिलं. सोनवणे भिंतीला टेकलेला आणि पोपटराव त्याला मागून पाय मारतोय! झालं. पोपटरावला चार्जशीट. 'सहकाऱ्यास लाथा मारणे.'

चौकशी बसली. "सोनवणे, यांनी तुम्हाला किती लाथा मारल्या?"

"तीन, साहेब."

"का मारल्या?"

"मी मागितल्या! उद्याच्या पण तीन सांगून ठेवल्यात!"

चौकशी तशीच लोंबकळत राहिली. महिन्याभरानं कर्णिकसाहेब स्वतः टूल रूममागे आले. चेहरा पांढरा, एक हात पाठीमागे. "पोपटराव, ते तुमचं जे काय आहे ते करा. पाठीतून कळ येतेय."

मी साहेबांना धरून उभा होतो. पोपटरावनं पाय उचलला. पाय साहेबांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला. पोपटरावच्या कपाळावर घाम आला, मांडी थरथरायला लागली, पण पाय पुढे सरकेना.

"साहेब, पाय जाईना."

"जाईना म्हणजे काय?"

"घोटा धरलाय कोणी तरी. तुमचं दुखणं पाठीचं नाय, साहेब. दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता!"

साहेब चिडले, पण मी त्यांना कंपनीच्या जीपमध्ये घातलं. कळ हृदयाची निघाली. तिथले डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. दोन महिन्यांनी कामावर आल्यावर साहेबांनी चार्जशीट स्वतःच्या हातानं फाडली. पण टूल रूममागे ते पुन्हा कधी फिरकले नाहीत.

*

पोपटरावचं नाव पार येवल्यापर्यंत पोचलं. एका सुट्टीच्या दिवशी तिथला एक पैठणी विणणारा एसटीनं त्याच्या खोलीवर आला. तीस वर्षं हातमागापुढे वाकून बसलेला माणूस, पाठीला कायमचा बाक आलेला. मी तिथंच चहा पीत होतो. पोपटरावनं तीनदा पाय लावला. पाहुण्याला बरं वाटलं, पण तो जाईना. बसूनच राहिला.

"एक विचारू का, भाऊ? पाय कोणाचा लावला?"

"माझाच की!"

"नाही. डोळे मिटून एक तार सैल पडली तरी मला कळतं. मला माप कळतं, भाऊ. हा पाय एवढासा होता." त्यानं आपली चार बोटं जोडून दाखवली.

सुमनवहिनी, म्हणजे पोपटरावची बायको, खळखळून हसली. "अहो, यांना नऊ नंबरचा बूट लागतो!"

आम्हीही हसलो. पोपटराव हसला नाही. त्यानं तो पाय मांडीखाली घेतला आणि पाहुणा जाईपर्यंत बाहेर काढला नाही.

*

पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते असंही म्हणतात. ऑक्टोबरात एकदा जेवणाच्या सुट्टीत आभाळ भरून आलं. आम्ही सगळे कॅन्टीनच्या शेडमध्ये. पहिला गडगडाट झाला आणि एकेक जण ताट उचलून पलीकडच्या टोकाला सरकायला लागला. रोज त्याचा पाय पाठीवर घेणारे आम्ही वीर! मीसुद्धा सरकलो. त्याची लाज मला आजही वाटते.

पोपटरावनं मान वर करून बघितलं. अख्ख्या बाकावर तो एकटा. उठला आणि बाहेर मोकळ्यात जाऊन उभा राहिला.

"अरे, आत ये!" मी ओरडलो.

"असू दे. माझ्यापायी तुम्हाला कशाला ताप!"

आणि वीज पडली. डोळे उघडले तेव्हा पोपटराव जागच्या जागी उभा होता. त्याच्या डाव्या हाताला, चार-पाच पावलांवर, जमीन काळी पडून धुमसत होती. तिथं कोणीच नव्हतं.

पोपटराव लटपटत आत आला. "मी हितं उभा, आन ती पडली तिथं! नेम चुकला की तिचा!"

आम्ही फार मोठ्यानं हसलो. हसण्याशिवाय करणार काय?

*

पुढच्या वर्षी पोपटरावचीच पाठ गेली. दुसऱ्यांच्या पाठीला लावायला पाय होता, स्वतःच्या पाठीला कसा लावणार? सहा आठवडे खोलीत जमिनीवर पालथा पडून होता. वीट झाली, वाळूचा शेक झाला, हाडाचा डॉक्टर झाला. कूस बदलली तरी ओरडायचा. रजा संपली. सोमवारी कंपनीच्या डॉक्टरसमोर उभा राहिला नाही तर अनफिट. घरात दोन शाळकरी मुली, कमावणारा हा एकटा.

आता एकच उपाय होता, दुसरा पायाळू शोधायचा. सोनवणे आणि मी सायकली काढून पंचवटीपासून देवळालीपर्यंत हिंडलो. मिळाला नाही.

शनिवारी सकाळी सायखेड्याहून त्याची आई आली. सत्तरीची बाई, पण काठीसारखी ताठ. मी म्हणालो, "आई, तुमच्याकडे दुसरं कोणी पायाळू आहे का हो?"

"दुसरं?" ती म्हणाली. "पयलं कोण?"

"कोण म्हणजे? पोपटराव!"

ती पोपटरावच्या शेजारी खाली बसली.

"ह्यो नाय पायाळू. ह्यो डोक्यानं आला, समद्यांसारखा. ह्याच्या मागून दुसरं आलं. जुळं होतं. ते पायानं आलं. दोन घटका जगलं."

सुमनवहिनीनं तोंडाला पदर लावला.

"सुईण गावभर सांगत सुटली, पायाळू झाला, पायाळू झाला. मग जो जगला त्यालाच लोक पायाळू म्हणाया लागले."

"आई," पोपटराव पालथ्या पालथ्याच म्हणाला, "तू कधी बोलली नाय?"

"काय बोलू? त्याला नाव बी ठेवलं नव्हतं. तुला कोणी पायाळू म्हणलं की मला वाटायचं, त्यालाच कोणी तरी हाक मारली."

मला रडू आलं. लपवत नाही.

मग तिनं पोपटरावच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीला न लावता, वीतभर वरून. "लय दिस बसला रं दादाच्या पाठीवर," ती म्हणाली. "उतर आता. दादाला कामावर जायचंय."

मूल पाठुंगळी घेताना बायका बसतात तशी ती त्याच्याकडे पाठ करून उकिडवी बसली. दोन्ही हात मागे नेले. "ये." रुसलेल्या पोराची वाट बघावी तशी थोडी थांबली. मग 'हं' करून सावकाश उठली. गुडघे कापत होते. उठली ती पुढे वाकूनच.

तिच्या मागे पोपटराव उठून बसला. आपला आपण!

सोमवारी तो चालत कामावर आला आणि रिटायर होईपर्यंत त्याच मशीनवर होता. त्याच्या पायानं मात्र पुन्हा कोणाची उसण उतरली नाही. आम्ही करून बघितलं.

त्या शनिवारी दुपारी आईला स्टँडवर सोडायला मी गेलो. रस्ताभर ती वाकूनच चालत होती, दोन्ही हात मागे एकमेकांत गुंफलेले. सायखेड्याची गाडी लागली. ती पायरीशी जाऊन थांबली. तिची पिशवी मी खाली ठेवली होती, ती उचलेना.

"आई, पिशवी घ्या ना," मी म्हणालो.

"तूच दे रं वर चढवून," ती म्हणाली. "माझं हात मोकळं नाय."