जिल्हा मर्यादित आणि आमची कॅप्टन

रत्नागिरीत मोबाइल गेमची स्पर्धा भरली, तर ती कोणाची? ज्याच्या आधार कार्डावर रत्नागिरी छापलंय त्याची, की जो इथे रोज खेळतो त्याची? उत्तर घाईत देऊ नका. मी घाईत दिलं होतं, आणि वर त्याचं पत्रकही काढलं होतं.

पत्रकं ही आमच्या घरची सवय. वडील युनियनचे. अक्षरं मी त्यांच्या पत्रकांवर गिरवली. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने पहिली खुली स्पर्धा घेतली आणि मुंबई-पुण्याच्या संघांनी जेवणाच्या सुट्टीआधीच आमच्या सगळ्या स्क्वॉडना घरी पाठवलं. तेव्हा मी रडले नाही, लिहायला बसले. महागडे फोन आणि पगारी प्रशिक्षक असलेल्यांसमोर आमच्या पोरांना उभं करणं ही समता नाही, कत्तल आहे. पुढची स्पर्धा जिल्हा मर्यादित करा. आधार कार्ड बघा. असं बरंच काही.

ते टाइप केलं आमच्या कॅप्टनने. ती एका छपाईच्या दुकानात डीटीपीचं काम करते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ताई. आमची चौघींची स्क्वॉड तिनेच उभी केली. काम संपलं की दुकानातल्या कागदाच्या गठ्ठ्यांवर बसवून ती आमचा सराव घ्यायची. मी घाबरून गोळ्या उधळायला लागले की तिचं एकच वाक्य, "बाय माझे, आधी बघ, मग मार."

त्या दिवशी मजकूर टाइप करून तिने एवढंच विचारलं, "'कत्तल' ठेवायचं?"

"ठेवायचं."

"बरं," म्हणाली, आणि प्रती काढायला लागली.

मंडळाचे अध्यक्ष पत्रकावर खूश झाले. त्यांना सगळेच काका म्हणतात. टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा भरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तिथे गाव मर्यादित, तालुका मर्यादित, एक गाव एक संघ हे नियम वर्षानुवर्षं चालत आलेले. काकांनी क्रिकेटचाच फॉर्म घेतला, त्यातली चेंडूची ओळ खोडली आणि आधार कार्डाची ओळ वाढवली. झाली नियमावली तयार.

नावनोंदणीला आम्ही चौघी गेलो. काकांनी ताईचं कार्ड चष्म्याजवळ नेलं.

"गो, हा तर कऱ्हाडचा पत्ता!"

ताईचं सगळं बालपण आमच्याच जिल्ह्यातल्या पोफळीच्या वसाहतीत गेलं. वडील वीजकेंद्रात होते. पण क्वार्टर सरकारी, आज आहे उद्या नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या कागदांवर पत्ता गावचाच राहिला. निवृत्तीनंतर आईवडील तिकडे परतले. ही इथे शिकली, इथेच नोकरीला लागली. माझ्या नियमाने ती परकी ठरली.

"कोणी लिहिलान हे पत्रक?" काका माझ्याकडे बघून हसले. "आता खा आपलाच लाडू!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "घाबरू नका. सरपंच माझा मामेभाऊ. ही माझ्या घरात राहते असा दाखला देईल. क्रिकेटला आम्ही दरवर्षी दोघे-तिघे असेच बसवतो."

मी, पत्रकांवर वाढलेली मी, लगेच म्हणाले, "चालेल."

"मी तुमच्या घरात राहत नाही, काका," ताई म्हणाली.

"अगो, कागदावर!"

"कागदावरही नाही."

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच भडकले. "टाइप करताना दिसलं नाही तुला? बोलायचं होतंस!"

"दिसलं की. पण नियम मला तेव्हा पटला होता. त्यात मी बसत नाही म्हणून तो लगेच खोटा कसा म्हणू?"

या स्पर्धेसाठी तिने वडिलांना बोलावलं होतं. मोबाइलवर डोळे फोडून घेतेस, असं म्हणत आलेल्या माणसाने एकदा तिला मंचावर खेळताना बघावं, एवढीच तिची इच्छा होती. मी मंडळाच्या बैठकीत उभी राहून तिच्यासाठी अपवाद मागितला. तो मिळालाही असता. ताईनेच हात वर केला.

"कोल्हापूरची दोन मुलं इथे शिकतात, ती काल नावनोंदणीच्या टेबलावरून गुपचूप परत गेली. त्यांना कोणी सरपंच सांगितला नाही. नियम बदलायचा तर सगळ्यांसाठी बदला. नुसता माझ्यासाठी नको."

फॉर्म वाटून झाले होते, संघ ठरले होते. नियम बदलला नाही. ताई खेळली नाही.

स्पर्धेच्या दिवशी तिचे वडील कुंभार्ली घाट उतरून एसटीने आले आणि पहिल्या रांगेत बसले. ताईने समालोचनाचा माइक घेतला. आम्ही बदली खेळाडू घेऊन उपांत्य फेरीत हरलो, आणि आम्हाला हरवणाऱ्या संगमेश्वरच्या मुलीची चाल तिने अशी उलगडून सांगितली, की मलाच टाळी वाजवावीशी वाटली. वडिलांनी शेजाऱ्याला विचारलं, "ही का नाही खेळत?" शेजारी होते काका. मान खाली घालून ते फॉर्मची घडी करत राहिले.

मी पुष्कळ विचार केला. ताई एवढी चांगली झाली ती खुल्या ऑनलाइन स्पर्धांत कुठल्या कुठल्या संघांकडून हरून हरून. दार बंद ठेवलं असतं तर आम्हाला शिकवायला तिच्याकडे काय होतं? आणि तरी माझा पहिला राग खोटा नव्हता. नवख्या पोरांना पहिल्याच फेरीत तुडवलं गेलं तर ती पुन्हा येत नाहीत. म्हणून पहिल्या फेऱ्या इथे राहणाऱ्या-शिकणाऱ्या-कमावणाऱ्यांच्या, आणि त्यातून वर आलेल्यांसाठी पुढची स्पर्धा सगळ्यांना खुली. इथला कोण, हे कॉलेजचं ओळखपत्र सांगेल, दुकानाचा मालक सांगेल, शेजारी सांगतील.

हेच मी नव्या पत्रकात लिहिलंय. या वेळी टाइप करताना ताईने तीन वाक्यं कापली, 'कत्तल' त्यात होतं. मंडळाची बैठक येत्या रविवारी सकाळी आहे. आधार कार्डाची अट काढण्यावर मतं घेतली जाणार आहेत, आणि काका अजून कुंपणावर आहेत. तुम्ही खेळत नसाल तरी चालेल. रविवारी या, आणि हात वर करा.