जांभळ्या दिव्याचं पाणी

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदाकाठच्या एका गावात मी नर्स म्हणून बदलून आले, ते साल १९९२. पंचफुलाबाई तेव्हा पंचेचाळिशीची असेल, पण चालताना साठीची वाटायची. अठ्ठ्याहत्तरच्या, विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीत बौद्ध वस्तीतली घरं जळाली, त्यात तिचंही गेलं. पुढच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपरात राहत असताना, तिची सात वर्षांची मनकर्णा हगवण-उलटीनं एका दिवसात गेली. नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायली होती. हे सांगताना पंचफुलाबाई रडली नाही. बोलून झाल्यावर नुसती भिंतीला टेकून बसली.

मी आले त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं चाचणीसाठी वस्तीच्या समाजमंदिरात एक यंत्र बसवलं. पत्र्याची लांबट पेटी, आत ट्यूबसारखा जांभळट दिवा. त्याच्या अतिनील प्रकाशाखालून पाणी संथ वाहत गेलं की त्यातले जंतू मरतात, असं इंजिनिअरनं समजावून सांगितलं. सांभाळणार कोण, यावर बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले.

"मी बघते," पंचफुलाबाई म्हणाली.

काम सोपं नव्हतं. गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही, म्हणून पाणी आणून आधी चौपदरी धोतरातून गाळायचं, वरच्या टाकीत चढवायचं, मग दिवा लावून नळ सोडायचा. दिव्याकडं बघू नका, असं सांगूनही तिनं एकदा झाकण उचललंच. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. दोन दिवस ओलं फडकं बांधून बसली.

"बघितल्याबिगर कसं कळावं सिस्टर, आत काय चाललंय ते?"

वरच्या गावातून तिच्याकडं पाण्याला कोणी येत नसे. का, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ऑगस्टात नदी चढली, पुराचं पाणी वरच्या गावाच्या मोठ्या विहिरीत शिरलं आणि गॅस्ट्रोची साथ आली. शाळेच्या वऱ्हांड्यात खिडकीच्या गजांना मी सलाईनच्या बाटल्या बांधत होते. वरच्या गावात लागोपाठ दोघं गेली. मग एका सकाळी तिथले सरपंच आबासाहेब यांच्या बायको कमलबाई नातीसाठी कळशी घेऊन समाजमंदिराशी आल्या आणि कळशी उंबऱ्याशी ठेवून उभ्या राहिल्या. पंचफुलाबाईनं कळशी विसळून भरून दिली. दुसऱ्या दिवशी रांग लागली.

तिसऱ्या दिवशी खांब पडले आणि वीज गेली. दिव्याखालून आलेलं पाणी दुपारपर्यंत संपलं. वरची टाकी मात्र काठोकाठ होती. आबासाहेब स्वतः आले.

"पंचफुले, टाकी भरलीय की. सोड नळ."

"त्याला उजेड लागला न्हाई, आबासाहेब."

"नितळ तर दिसायलंय."

"दिसायला सारखंच दिसतंय. माझ्या पोरीनं पिलेलं बी नितळच होतं."

"कुणाला न्हाई म्हणायलीस, कळायलंय का?"

"कळायलंय."

तिनं नळावरचा हात काढला नाही. दंगलीत तिच्या दारात कोण कोण आलं होतं, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

"उकळून देते," ती म्हणाली. "लाकडं धाडा."

आबासाहेब वळले आणि वरच्या गावाकडं चालू लागले. आता माणसं चालून येणार म्हणून मी दाराशी जाऊन थांबले. आली ती लाकडांनी भरलेली बैलगाडी.

तीन दिवस पंगतीच्या पातेल्यांत पाणी उकळत होतं. धुरानं तिचे डोळे सुजले, कपाळावरचे केस करपले. "सिस्टर, बसले तर उठवायचं न्हाई माझ्यानं," म्हणून ती उभ्यानंच भाकरी खायची. चौथ्या दिवशी वीज आली. त्यानंतर गावात कोणी दगावलं नाही. महिन्याभरात वरच्या गावाची विहीर उपसून झाली आणि रांग आपोआप संपली. त्या तीन दिवसांबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. वस्तीत पेढे वाटले, ढोल वाजले. मी विचारलं, आनंद झाला ना?

"झाला की. पण लय उशीर लावला सिस्टर. दम लागला आमाला."

त्या उन्हाळ्यात दिवा जळाला. संस्थेला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की चाचणी संपली आहे. पंचफुलाबाईनं पेटी पुसून कोपऱ्यात उभी केली आणि माझ्याकडून ब्लिचिंग पावडरचं माप शिकून घेतलं. एका टाकीला किती, किती वेळ थांबायचं, हे ती दोनदा म्हणून दाखवायची.

माझी बदली पूर्णेला झाली, त्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले तेव्हा ती पाणी गाळत होती. धोतराचं एक टोक तिनं माझ्या हाती दिलं. एक घागर आम्ही मिळून गाळली. मग तिनं ते टोक परत घेतलं.

"जावा आता, यष्टी चुकंल."